कुठल्या चर्चला जाऊ, असं विचारलंस म्हणून

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. रूममेट तुला पुण्यात एका हॉलमधल्या फेलोशिपला घेऊन जातो, तिथे ड्रम, कीबोर्ड, हात वर करून गाणी, अन्यभाषा (आत्म्याच्या प्रेरणेने बोललेली अनोळखी भाषा), तीन तास कसे गेले कळत नाही म्हणतोस. इकडे आजी म्हणते ही काय भक्ती झाली का, आपलं चर्च आहे, गीतांचं पुस्तक आहे, पाळकसाहेब आहेत, तिथे जा. ऑफिसातली वसईची कॅथलिक मैत्रीण रविवारचा मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, चुकवत नाही. आणि तू या सगळ्यात गोंधळून सध्या गादीवर पडूनच मोबाइलवर संदेश ऐकतोयस आणि मला विचारतोयस की बाई, यातलं बरोबर कुठलं.

"सगळं सारखंच असतं रे, देव फक्त मन बघतो" असं म्हणून मी तुला वाटेला लावणार नाही. सारखं नाहीये ते. आणि हा प्रश्न तुझ्या आधी एका बाईने थेट येशूलाच विचारलाय, योहानाचा चौथा अध्याय काढ. शोमरोनी बाई, म्हणजे यहुदी ज्यांना परकं मानून दूर ठेवत त्या समाजातली, विहिरीवर, भर दुपारी. ती म्हणते आमचे पूर्वज या डोंगरावर उपासना करत आले आणि तुम्ही यहुदी म्हणता यरुशलेमातच करायला हवी. तो गरिज्जीमचा डोंगर, तिथलं शोमरोन्यांचं मंदिर यहुदी राज्यकर्त्याने येशूच्या शंभरेक वर्षं आधीच पाडलं होतं, म्हणजे जखम जुनी होती पण भरलेली नव्हती. (शोमरोनी आजही थोडे आहेत आणि वल्हांडणाच्या सणाला त्याच डोंगरावर कोकरं कापतात.) येशू तिला सांगतो की ना हा डोंगर ना यरुशलेम, अशी वेळ येतेय की खरे उपासक आत्म्याने आणि खरेपणाने पित्याची उपासना करतील.

आता हेच वचन पुढे करून लोक म्हणतात, बघा, चर्चची गरजच नाही. पण तोच येशू आपल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात जायचा, लूक 4:16 बघ, आणि सणाला यरुशलेमलाही जायचा. जागेचा बडेजाव त्याने काढून टाकला, लोकांत जाऊन बसणं मात्र त्याने स्वतः सोडलं नाही.

दुसरं म्हणजे, प्रत्येक पद्धत काहीतरी जपायला निघालेली असते, ते काय ते आधी समजून घे आणि मग नाक मुरड. झ्युरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः चांगला संगीत जाणणारा माणूस, पण त्याने 1520च्या दशकात चर्चमधला ऑर्गनच बंद करवला, कारण लोकांचं लक्ष देवाच्या वचनावरून हलू नये. त्याच काळात जर्मनीतला ल्युथर उलट स्वतः गीतं लिहून सगळ्या मंडळीला गायला लावत होता. दोघेही सुधारकच. मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मीचे) लोक बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि प्याला वाटून घेणं, दोन्ही विधी करत नाहीत. आणि कॅथलिकांच्या शिकवणीत तर त्या भाकरीत ख्रिस्त खरोखर हजर असतो, म्हणून तुझी मैत्रीण पाऊस असो की ताप, मिस्सा चुकवत नाही, तिला जुन्या वळणाची म्हणून हसू नकोस. 1963 साली व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेत मिस्सा करायची वाट मोकळी केली, त्याआधी तिच्या आजी-पणजीने लॅटिनमधला मिस्सा ऐकलाय आणि तरी श्रद्धा धरून राहिल्यात.

तुझ्या आजीला वाटतं की मोठ्याने प्रार्थना करणं, रडणं, अन्यभाषा हे सगळं अलीकडे टीव्हीवरून आलेलं फॅड आहे. तिला प्रेमाने केडगावची आठवण करून दे. 1905 साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या, पापाच्या जाणिवेने रडत होत्या, तास न तास. दौंडजवळ, आपल्याच मातीत, आणि तेसुद्धा अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटच्या आधी, जिथून अशी उपासना जगभर पसरली म्हणतात. आणि तुझ्या रूममेटला वाटतं की आजीचं चर्च म्हणजे थंडगार, मेलेलं. त्याला ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं ऐकव, टाळ-पेटीवर बसून गायलेली. टिळकांनी तर 1917 साली मिशनचं कामच सोडलं आणि "देवाचा दरबार" उभा करायला घेतला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही ख्रिस्ताचे म्हणून एकत्र बसतील. ते पूर्णत्वाला गेलं नाही, दोन वर्षांत टिळक वारले, पण "कुठे आणि कसं" हा प्रश्न आपल्या लोकांनी किती मनाला लावून घेतलेला ते बघ.

आता मला सगळ्यात जवळचं वाटतं ते सांगते. आपल्या नगरकडच्या मंडळ्यांमध्ये बहुतेक लोक महार-मांग समाजातून आलेले, थोडे ब्राह्मण. गावात एका विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं त्या काळात हे लोक प्रभुभोजनाला एकाच प्याल्याला ओठ लावत होते. कल्पना कर, प्याला हातातून हातात येतोय, आणि तुझ्या आधी ज्याने घेतला त्याची सावलीसुद्धा तुझ्या घराला चालली नसती. विहिरीवर त्या बाईला पाणी मागणारा येशू हाच ना. म्हणून "कसं" याचं माझं उत्तर असं आहे की जिथे तुला स्वतःहून निवडणार नाहीस अशा माणसांच्या शेजारी बसावं लागतं तिथे जा. म्हातारे, कर्कश गाणारे, वेगळ्या जातीचे, वेगळ्या पगाराचे. मोबाइलवर शेजारी कोणी नसतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो संदेश वरदान आहे, 2020च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या सगळ्यांनाच होता, पण तुझे पाय धड आहेत.

फेलोशिपला जायचं तर जा, माझी ना नाही. फक्त डोळे उघडे ठेव. दशमांशाचा, म्हणजे लोक मिळकतीचा दहावा भाग देतात त्याचा, हिशेब मंडळीपुढे मांडतात का? आजाऱ्याच्या घरी पास्टर जातो का, की फक्त स्टेजवर दिसतो? प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं की "तुझ्यात विश्वास कमी आहे" म्हणतात? आणि लहानपणीचा बाप्तिस्मा खोटा होता, परत घे, असा पहिल्याच महिन्यात कोणी तगादा लावला तर घाई करू नकोस. आपल्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये) 1970 साली नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या तेव्हा बाळांचा बाप्तिस्मा मानणारे आणि मोठेपणीचाच मानणारे दोघेही त्यात होते आणि दोन्ही पद्धती ठेवल्या. मोठ्या माणसांना जे भांडण पन्नास वर्षं एका छपराखाली ठेवता आलं ते तुला एका रविवारी मिटवायची गरज नाही.

एक जागा ठरव आणि वर्षभर तिथेच जा, दर रविवारी. आज इथे, उद्या तिथे केलंस तर सगळीकडे पाहुणाच राहशील, खुर्च्या लावायला कोणी बोलावणार नाही आणि तू आजारी पडलास तर कोणाला कळणारही नाही.

मैत्रिणीबरोबर मिस्साला एकदा नक्की जा, कोणी अडवत नाही. प्रसाद घ्यायला लोक रांगेत जातील तेव्हा तू जागेवरच बस, त्यांच्याकडे तो कॅथलिकांनाच देतात, त्यात तुझा अपमान धरू नकोस. आणि आजीला फोन कर, फेलोशिपला गेलो होतो हे लपवू नकोस, तिथे कुठलं गीत गायलात ते सांग, निम्मी तिला पाठ असतील.

तुझी,
संडे स्कूलची बाई