जुन्या बाजारातून घेतलेलं एचएमटी पायलट: खरं कसं ओळखायचं आणि सर्व्हिसिंग कसं करून घ्यायचं?

तुमचा प्रश्न असा: जुन्या बाजारातून एचएमटी पायलट हे मनगटी घड्याळ घेतलं, विकणाऱ्याने 'ओरिजिनल आहे, सर्व्हिस झालेलं आहे' असं सांगून दिलं, पण घड्याळ दिवसाला दहा मिनिटं पुढे पळतं. मग हे खरं की जोडजाड, आणि पुण्यात सर्व्हिसिंग करून घ्यायचं तर काय बघायचं?

सगळ्यात आधी रोज चावी देणं थांबवा. तेल सुकलेलं मशीन चालत राहतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. प्रत्यक्षात चाकांचे पिव्होट (आसाची बारीक टोकं) कोरडे घासले जात असतात, आणि पिव्होट एकदा झिजला की सर्व्हिसिंगने भरून येत नाही, चाकच बदलावं लागतं. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने जानेवारी 2016 मध्ये घेतला. त्यामुळे नवे पार्ट मिळणं अवघड आहे. बहुतेक वेळा जुना साठा किंवा दुसरं घड्याळ फोडून काढलेले पार्ट, यांवरच भागवावं लागतं.

ओळख मशीनपासून सुरू करा, डायलपासून नको. डायल रंगवता येते, मशीन रंगवता येत नाही. मागचं झाकण दाबून बसवलेलं असेल तर कडेला एके ठिकाणी बारीक खाच सापडेल. तिथे केस-नाइफचं (झाकण उघडायच्या खास सुरीचं) पातं घालून हलकेच पिळा. स्वयंपाकघरातली सुरी घेऊ नका, ती घसरली की थेट बॅलन्सवर (मागेपुढे झुलणाऱ्या चाकावर) जाते. आत बॅलन्सच्या जवळ कॅलिबरचा (मशीनच्या मॉडेलचा) आकडा कोरलेला असतो. पायलटमध्ये साधारणपणे 0231 मिळतं, आधीच्या घड्याळांत 020. दोन्ही हाताने चावी द्यायची, 17 ज्वेलची (पिव्होट टेकतात ते खडे), तासाला 18,000 ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला पाच. एचएमटीने 1961 मध्ये बेंगळुरूला जपानच्या सिटिझनबरोबर घड्याळं सुरू केली, त्यामुळे या मशीनची रचनाही सिटिझनच्या घराण्यातली आहे. डायलवरचं 'पॅरा शॉक' हेही सिटिझनच्याच धक्का सोसणाऱ्या स्प्रिंगचं नाव. मशीन आणि केस यांच्यामध्ये हाताने कापलेली पत्री रिंग दिसली, किंवा मशीन केसमध्ये डुगडुगलं, तर दोन घड्याळांचं एक केलंय असं समजा.

आता डायल. दहापट भिंग घ्या आणि अक्षरांच्या कडा बघा. कारखान्याच्या छपाईत कड धारदार असते, पुन्हा रंगवलेल्या डायलवर शाई फुटलेली दिसते. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांसमोर नेमक्या येतात का, हे बारा, तीन, सहा आणि नऊवर तपासा. रीडायलवाल्यांचा हात बहुतेक इथेच चुकतो. काट्यांच्या मधल्या भोकाभोवती रंगाचा थर चढलेला असेल तर शंकाच नको. पायलटची काळी डायल फार मागणीत आहे, त्यामुळे साध्या मॉडेलची डायल काळी करून पायलट बनवलेली घड्याळं बाजारात भरपूर आहेत. माझं मत विचाराल तर डाग पडलेली पण मूळ डायल चकचकीत रीडायलपेक्षा कधीही चांगली. मागे 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलेलं असेल तर फक्त झाकण स्टीलचं असतं. वरची केस बहुधा पितळेवर क्रोम चढवलेली. ती बफ करायला देऊ नका. क्रोम उडालं की खालचं पिवळं पितळ उघडं पडतं.

दहा मिनिटांचं काय? दिवसाला सहाशे सेकंद हा फरक रेग्युलेटरचा (चाल कमीजास्त करणारा) काटा सरकवून मिटवायचा नसतो. बहुधा हेअरस्प्रिंगची (बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगची) वेटोळी कुठेतरी एकमेकांना चिकटत आहेत, त्यामुळे तिची कामाची लांबी कमी झाली आणि बॅलन्स भराभर फिरतो. कारणं मुख्यतः दोन: मॅग्नेट चढला आहे (स्प्रिंगमध्ये चुंबकत्व आलं आहे), किंवा वेटोळ्यांवर तेल आलं आहे. छोटं होकायंत्र बॅलन्सजवळ धरा. सुई थरथरली किंवा ओढली गेली तर मॅग्नेट. डीमॅग्नेटायझर (मॅग्नेट उतरवणारं यंत्र) स्वस्तात मिळतो. घड्याळ त्यावर ठेवा, बटण दाबा आणि दाबलेलंच ठेवून घड्याळ हातभर लांब न्या, मगच बटण सोडा. घड्याळ जवळ असताना बटण सोडलं तर मॅग्नेट उलट वाढतो. एवढ्यावर चाल सुधारली नाही तर वेटोळ्यांवर तेल आहे, आणि 'सर्व्हिस झालेलं' म्हणजे काय झालं होतं तेही कळतं: मशीन न सोडता वरून पेट्रोल मारलं आणि तेल ओतलं.

खरी सर्व्हिस म्हणजे मशीन पूर्ण सुटं करणं. आधी मेनस्प्रिंगचा (चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा) ताण उतरवायचा: चावी बोटांत घट्ट धरून क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारी खिट्टी) बाजूला करायची आणि चावी हळूहळू उलटी फिरू द्यायची. ताण असताना पॅलेट (चाकांना ठोक्याठोक्याने अडवून सोडणारा भाग) काढला तर चाकं सुसाट फिरतात आणि पिव्होट मोडतात. चावीचा दांडा काढताना तो धरून ठेवणाऱ्या सेटिंग लिव्हरचा स्क्रू एक-दोन फेरेच सैल करायचा. जास्त सोडला तर लिव्हर आत पडतो आणि डायल, काटे सगळं उतरवावं लागतं. चावीच्या दांड्याने फिरणाऱ्या क्राउन व्हीलचा स्क्रू अनेक मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी हे बघायचं.

धुताना पॅलेट आणि बॅलन्स अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायचे नाहीत. त्यांचे दगड शेलॅकने (लाखेने) चिकटवलेले असतात आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. ज्वेलची भोकं पेगवुडने (टोकदार मऊ लाकडी काडीने) पुसायची, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मग तेल: चाकांच्या वेगवान पिव्होटना आणि बॅलन्सच्या ज्वेलना मोबियस कंपनीचं 9010 नंबरचं तेल, पॅलेटच्या दगडांना 9415, बॅरल (मेनस्प्रिंगचा डबा) आणि मधल्या चाकाला एचपी 1300, चावीच्या यंत्रणेला ग्रीस. ज्वेलची वाटी अर्धी ते दोन तृतीयांश भरली की पुरे. जास्त झालं की तेल पसरतं आणि पिव्होट पुन्हा कोरडा पडतो. पॅलेटच्या पिव्होटना तेल घालत नाहीत. मेनस्प्रिंग बाहेर काढल्यावर उघडत नसेल, गोळा होऊनच राहत असेल, तर बदलायची. रुंदी, जाडी, लांबी आणि बॅरलचा आतला व्यास मोजूनच नवी घ्यायची.

लक्ष्मी रोडवर किंवा पेठांत घड्याळजीकडे जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: मशीन पूर्ण सोडणार का, कुठलं तेल वापरता, आणि टाइमग्राफरवर (चाल मोजणाऱ्या यंत्रावर) दाखवाल का. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून, अँप्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) 260 अंशांच्या वर आणि बीट एरर (दोन्ही बाजूंच्या ठोक्यांतला फरक) एक मिलिसेकंदाच्या आत आला तर काम नीट झालं. पन्नास वर्षांच्या मशीनने दिवसाला वीस सेकंद इकडे-तिकडे केलं तर कुरकुर करू नका. बदललेले जुने पार्ट मात्र परत मागून घ्या.

सर्व्हिस झाल्यावर रोज सकाळी एकदाच चावी द्या, अडेपर्यंत. अडल्यावर पुढे रेटू नका. जुन्या केसमध्ये पाणी अडवणारं काही उरलेलं नसतं, म्हणून पुण्याच्या पावसाळ्यात ते मनगटावर बांधून बाहेर पडू नका. काचेला आतून बाष्प दिसलं तर त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या, कारण गंज सगळ्यात आधी चावीच्या दांड्याला आणि त्याच्या आसपासच्या लिव्हरना धरतो.