एटीव्हींसाठी ट्रेलर: बंद की उघडा, कर्जाने की रोखीने?

आपण डेन्व्हरहून पाठवलेल्या पत्रात दोन पर्याय मांडले आहेत. फोर्ड ई-450 चॅसीवरच्या (ट्रकच्या सांगाड्यावरच्या) आपल्या कॅम्परमागे, म्हणजे चालत्या घरामागे, दोन एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालणाऱ्या चारचाकी गाड्या) घेऊन आपण वर्षातून चार वेळा युटा राज्यातील मोआबला जाता. त्यासाठी 16 फुटी, दोन ॲक्सलचा (चाकांच्या दोन जोड्यांचा) बंद ट्रेलर 11,000 डॉलरला घ्यावा (2,000 रोख आणि उरलेल्या 9,000 चे 9 टक्के दराने पाच वर्षांचे कर्ज), की 12 फुटी उघडा युटिलिटी ट्रेलर 2,800 डॉलर रोख मोजून आणावा, असा आपला प्रश्न आहे. हाताशी तीन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक आहे, कॅम्परच्या हिचवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या कडीवर) 5,000 पौंड ओढण्याची आणि 500 पौंड उभ्या, म्हणजे खाली दाबणाऱ्या भाराची मर्यादा लिहिलेली आहे आणि प्रत्येक एटीव्ही साधारण 750 पौंडांची आहे, हेही आपण कळवले आहे.

माझे मत बंद ट्रेलरच्या विरुद्ध आहे आणि त्याचे पहिले कारण व्याज नसून वजन आहे. या आकाराचा बंद ट्रेलर रिकामाच सुमारे 2,800 पौंड भरतो. त्यात दोन एटीव्हींचे 1,500 पौंड आणि इंधनाचे कॅन, हत्यारे, हेल्मेट असे किरकोळ सामान धरले, तर आकडा 4,600 च्या आसपास जातो. ओढण्याची मर्यादा 5,000 असल्यामुळे हे कागदावर बसते. परंतु ट्रेलर रस्त्यावर स्थिर राहावा यासाठी एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर यावा लागतो, म्हणजे येथे 460 ते 690 पौंड, आणि आपल्या हिचची उभ्या भाराची मर्यादा 500 आहे. हा भार कॅम्परच्या मागच्या ॲक्सलच्या बराच मागे टेकतो, त्यामुळे मागच्या ॲक्सलवर तो प्रत्यक्षाहून अधिक जाणवतो आणि पुढची चाके हलकी होतात. त्यात आपला रस्ता कोलोरॅडोच्या डोंगरांतून जाणाऱ्या आय-70 महामार्गाचा: आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना 7 टक्क्यांपर्यंतचे उतार आहेत आणि टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद तेथे विरळ हवेने बरीच उतरलेली असते. अशा घाटात चारी बाजूंनी बंद असलेली उंच पेटी ओढणे म्हणजे वाऱ्याशीही झुंजणे.

आता हप्ता. तो महिना सुमारे 187 डॉलर पडेल आणि पाच वर्षांत व्याजापोटी सुमारे 2,200 डॉलर जातील. वर्षाला चारच सहली असल्याने प्रत्येक सहलीवर केवळ हप्त्याचे 560 डॉलर चढतात, आणि ट्रेलर अंगणात उभा असला तरी हप्ता थांबत नाही. तीन महिन्यांची शिल्लक असलेल्या घराने हौसेच्या वस्तूसाठी असा बांधील खर्च ओढवून घेऊ नये, असे मी कोणालाही सांगेन. बंद ट्रेलरची बाजू अगदीच लंगडी आहे असे मात्र नाही. गारा, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेली रसायने आणि हॉटेलच्या पार्किंगमधील चोर यांपासून तो खरोखर वाचवतो. आपण वर्षभर गाड्या त्यातच ठेवणार असता आणि गॅरेजचे भाडे वाचणार असते, तर हिशेब वेगळा मांडावा लागला असता.

तरीही 12 फुटी ट्रेलरची पावती लगेच फाडू नका. पूर्ण आकाराची एटीव्ही साधारण 7 फूट लांब आणि 4 फूट रुंद असते. ट्रेलरचा पाटा (सामान ठेवायचा तळ) साडेसहा फुटांच्या आतबाहेर रुंद असल्याने दोन गाड्या शेजारी शेजारी मावत नाहीत, आणि एकामागे एक लावल्या तर 14 फूट लागतात. 14 फुटी, एका ॲक्सलचा उघडा ट्रेलर बहुधा 1,300 पौंडांच्या आसपास असतो. अनेक राज्यांत 3,000 पौंडांपासून ट्रेलरला ब्रेक सक्तीचे होतात, म्हणून उत्पादक असे ट्रेलर 2,990 पौंडांच्या कमाल भारित वजनाचे म्हणून विकतात. त्यातून ट्रेलर आणि गाड्या वजा केल्यावर आपल्याला 190 पौंडच उरतात. जड सामान कॅम्परमध्येच राहू द्या. हिचवरचा भार 300 ते 450 पौंडांत राहील. कायद्याने सक्ती नसली तरी या घाटासाठी इलेक्ट्रिक ब्रेक बसवून घ्या आणि कॅम्परमध्ये ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारे उपकरण) आहे का, तेही पाहा. हा जादा खर्च मी विनातक्रार मंजूर करतो. मागचे जाळीचे फाटक दुमडून आडवे ठेवता येणारे मिळाले तर इंधनही थोडे वाचेल.

शिल्लकेला हात न लावता 14 फुटी ट्रेलर आणि ब्रेक यांची रक्कम जमत नसेल, तर हंगाम उलटेपर्यंत थांबा किंवा जुना ट्रेलर शोधा. जुना घेताना टायरच्या बाजूवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा वर्षांपुढचे टायर बदलावेच लागतील, असे समजून किंमत पाडून मागा. कॅम्परच्या विम्यात ट्रेलरमुळे इतरांचे झालेले नुकसान बहुधा येते, पण ट्रेलरचे आणि एटीव्हींचे स्वतःचे नुकसान किंवा चोरी सहसा येत नाही. त्यामुळे ट्रेलर ताब्यात घेण्याआधीच विमा एजंटकडून त्याचा दर लेखी मागवून घ्या.