वाचकांचे प्रश्न : ‘मेक्सिकन नाइट’ नको, मग काय?

प्रश्न : मी सोलापुरातील निवृत्त शिक्षिका आहे. माझा मुलगा अमेरिकेत असतो आणि सून मूळची कोलंबियाची आहे. दोघे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येत आहेत. त्या निमित्ताने आमच्या सोसायटीच्या मंडळाने लॅटिन अमेरिकन संस्कृतीचा एक दिवसाचा उत्सव ठरवला असून तरुण मंडळींनी ‘मेक्सिकन नाइट’ असे नाव, मोठ्या टोप्या, चिकटवायच्या मिशा आणि डीजे अशी यादीही केली आहे. सूनबाईंना हे फोनवर सांगितले तेव्हा त्या हसल्या, पण थोड्या वेळाने म्हणाल्या, “आई, मी मेक्सिकोची नाही.” सुमारे दीडशे माणसे येतील. नियोजन कसे करावे?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : परदेशात एखाद्या मंडळाने आपले स्वागत भांगडा लावून केले आणि ‘तुम्ही भारतीय, मग हे तुमचेच’ असे म्हटले, तर आपणही आधी हसाल आणि मग गप्प बसाल. सूनबाईंचे तेच झाले आहे. मेक्सिको उत्तर अमेरिकेत, कोलंबिया दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकाला, आणि मधे सगळी मध्य अमेरिका पसरलेली. भाषा दोन्हीकडे स्पॅनिश असली तरी जेवण, वाद्ये आणि सणांच्या चालीरीती वेगळ्या आहेत. तेव्हा टोप्या आणि मिशा आजच यादीतून काढाव्यात. वीस देश एका संध्याकाळी मांडण्याचा मोहही टाळावा, कारण प्रत्येकाच्या वाट्याला एक झेंडा आणि एक तक्ता येतो आणि पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एक देश धरावा, आणि तो आपल्या घरात येणार आहेच.

तारीखही आपोआप जुळून आली आहे. अमेरिकेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषेच्या परंपरेतल्या लोकांच्या, वारशाचा महिना 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर असा पाळतात. 1968 मध्ये तो आठवडा म्हणून सुरू झाला आणि 1988 मध्ये महिना झाला. ग्वाटेमाला, होंडुरास, कोस्टा रिका आदी पाच देशांचा स्वातंत्र्यदिन 15 सप्टेंबरला येतो, म्हणून सुरुवात त्या दिवशी. आपल्याकडे त्या काळात गणपती, पितृपक्ष आणि नवरात्र यांतून मंडप आणि माणसे दोन्ही मिळणे कठीण. कोलंबियात मात्र 7 डिसेंबरच्या संध्याकाळी छोट्या मेणबत्त्यांचा सण असतो. घराच्या दारात, पायऱ्यांवर आणि पदपथावर मेणबत्त्या व कागदी कंदील लावून नाताळच्या दिवसांची सुरुवात होते. दिवाळीतले आकाशकंदील अजून माळ्यावर गेले नसतील, तर तेच उतरवून ठेवावेत. पणत्या वाळू भरलेल्या ताटांत, मंडपाच्या कापडापासून दूर लावाव्यात. आदल्या दिवशी, 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन असतो, त्यामुळे ध्वनिक्षेपकाची चाचणी त्या दिवशी ठेवू नये.

स्वागतासाठी शीतपेयाच्या बाटल्या मागवू नका. आपल्याकडे दारात आलेल्याला गूळ-पाणी देण्याची रीत होती. कोलंबियात उसाचा रस आटवून केलेल्या ढेपेला ‘पनेला’ म्हणतात, तो आपला गूळच. तो पाण्यात उकळून, वर लिंबू पिळून केलेले पेय तिथे रोजचे आहे, आणि गुळाच्या उत्पादनात कोलंबियाचा क्रम भारताखालोखाल लागतो. उसाच्या या जिल्ह्यात तेवढ्या एका पेल्यावर सूनबाई आणि शेजारणी यांचे बोलणे सुरू होईल. त्यासाठी दुभाषाही फारसा लागणार नाही.

शेजारी एक टेबल आपल्या शेंगाचटणीसाठी राखावे. ही चटणी आपण सोलापूरची म्हणून अभिमानाने गावोगाव पाठवतो, पण तिच्यातला शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा आणि मिरचीही अमेरिका खंडातूनच आलेली. दोन्ही पोर्तुगीज व्यापाराच्या काळात इथे पोचल्या. मका, टोमॅटो, बटाटा, पपई, सीताफळ आणि पेरू यांचाही उगम त्याच खंडात. प्रत्येक वाटीपुढे एक चिठ्ठी ठेवावी आणि ती मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दूत असावी. या शहराला चार भाषांत वावरण्याची सवय आहे. स्पॅनिश ही पाचवी, एका दिवसापुरती.

तरुण मंडळींना मेक्सिको सोडवत नसेल, तर त्यांना पांडुरंग खानखोजे यांच्यावर एक भिंत तयार करायला द्यावी. वर्ध्याचा हा क्रांतिकारक 1920 च्या दशकात मेक्सिकोत पोचला, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागला आणि मक्याच्या वाणांवर त्याने काम केले. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. डॉ. कोटणीसांचे चीनमधले काम सोलापूरकर शाळेपासून ऐकतात, खानखोजे मात्र इथे फारसे कुणाला ठाऊक नाहीत.

संगीत कुंबिया या कोलंबियाच्या लोकनृत्याचे ठेवावे. त्यात मूळ रहिवाशांची बासरी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे ढोल आणि स्पॅनिश धाटणीचा पोशाख एकत्र आले आहेत. हा इतिहास वेदनेचाही आहे, आणि निवेदनात तो एका वाक्यात तरी यावा. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून आधी घ्यावी. रात्री दहानंतर तो बंद करावाच लागतो. खाद्यपदार्थ विक्रीला ठेवणार असाल तर विक्रेत्याची अन्नसुरक्षा नोंदणी पाहून घ्यावी.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी करावी. हा आराखडा सूनबाईंना पाठवून काय खोडायचे ते त्यांनाच विचारावे, आणि त्या दिवशी त्यांना व्यासपीठावर उभे करून नाच करून दाखवायला सांगू नये.

प्रश्न : अशाच कार्यक्रमात टॅको, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या मेक्सिकन पोळ्या, ठेवायचे आहेत. ज्वारीची भाकरी वापरली तर चालेल का? आणि हिस्पॅनिक व लॅटिनो यांत फरक काय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : भाकरी जरूर वाढा, पण तिला टॅको म्हणू नका. ज्वारी आफ्रिकेतली, टॅकोची पोळी मक्याची. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवतात, साले चोळून काढतात आणि मग ओला दळतात. त्यामुळे पीठ चिकट होऊन पोळी दुमडली तरी तुटत नाही, शिवाय मक्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. आपल्या बाजारातल्या साध्या मक्याच्या पिठाची पोळी दुमडताना कडेला चिरते. घरी करून पाहायचे असेल तर चुना खाण्याचाच घ्यावा, रंगाचा नव्हे, आणि मका दळण्यापूर्वी तीनचार पाण्यांनी धुवावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे : हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेच्या परंपरेतले, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेतले. म्हणून स्पेनचा माणूस हिस्पॅनिक असतो पण लॅटिनो नसतो, आणि पोर्तुगीज बोलणारा ब्राझीलचा माणूस याच्या उलट.