अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात फ्लोट ट्रिपला, म्हणजे होडीतून प्रवाहाबरोबर वाहत जायच्या सहलीला, बिअर नेता येते का? आणि रात्री नदीकाठी तंबू ठोकता येतो का?

दोन्ही चालतं, अटींवर. करंट किंवा जॅक्स फोर्कवर जात असाल (1964 साली या दोन नद्यांना राष्ट्रीय संरक्षण मिळालं), तर 21 वर्षं पूर्ण झालेल्यांनी कॅनमधली बिअर खुशाल न्यावी. काचेची बाटली मात्र अजिबात नाही, लोणच्याची बरणीसुद्धा नाही! कनू (वल्ह्याची अरुंद, हलकी होडी) उलटते, काच तळाशी जाते आणि मागून येणाऱ्याचा पाय कापतो. थर्माकोलचा कूलर आणि बिअर बाँग (एका दमात बिअर घशात ओतायची नरसाळं-नळी) यांनाही बंदी आहे. चार गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण 15 लिटरपेक्षा मोठ्या भांड्यात दारू नेता येत नाही. कचऱ्याची पिशवी होडीला बांधूनच निघा.

मुक्कामासाठी नदीतले गोट्यांचे पट्टे, ज्यांना तिथे ग्रॅव्हल बार म्हणतात, ते उत्तम. मात्र ठरलेल्या कॅम्पग्राउंडजवळच्या पट्ट्यावर राहू देत नाहीत. तंबू पाण्यालगत नको, जरा उंचावर लावा. वरच्या अंगाला पाऊस झाला की रात्रीतून पाणी चढतं, आणि चार कॅन रिचवून झोपलेल्याला ते कळतही नाही. कनूसुद्धा वर ओढून झाडाला बांधा.