क्लब बदलायचा की नाही ते नंतर. आधी ४०१(के) सुरू करा

न्यू जर्सीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो, कंसातले खुलासे माझे:

"मुलगी तेरा वर्षांची आहे, सातवीत. चार वर्षं एकाच सॉकर क्लबमध्ये खेळते. गेल्या ट्रायआउटनंतर (निवड चाचणी) तिला ईसीएनएलच्या (मुलींच्या क्लब सॉकरची देशपातळीवरची वरची लीग) संघातून खालच्या रीजनल लीगच्या संघात टाकलं, फी मात्र तेवढीच. वर्षात कोच दोनदा बदलले. मोठ्या सामन्यांना बाहेरच्या मुली 'गेस्ट' म्हणून आणतात आणि आमची बेंचवर बसते. आता पाऊण तासावरचा एक क्लब गर्ल्स अकॅडमीच्या (तशीच दुसरी लीग) संघात जागा देतोय. आठवड्याभरात ७५० डॉलर डिपॉझिट भरायचं आहे. सध्या फी आणि प्रवास मिळून वर्षाला १० हजार होतात, तिकडे १५ होतील. वरचे ५ हजार दरवर्षी तिच्या ५२९ प्लॅनमधून (शिक्षणासाठीचं करसवलतीचं खातं) काढू का? त्यात ४१ हजार आहेत, पैकी १४ हजार वाढ. कॉलेजची तशी चिंता नाही. स्कॉलरशिप नक्की मिळेल असं नवे कोच म्हणतात, शिवाय दोन वर्षांपूर्वी यांचं ४०१(के) (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) थांबवून आम्ही तिच्या कॉलेजसाठी आययूएल पॉलिसी (शेअरबाजाराच्या इंडेक्सशी व्याज जोडलेला आयुर्विमा) घेतली आहे, महिना ९०० डॉलर. संघातल्याच एका मुलीच्या वडिलांनी करून दिली. यांचा पगार १ लाख २० हजार, माझा अर्धवेळ ५० हजार. स्टेटमेंट सोबत जोडलं आहे."

ताई, क्लबबद्दलचा तुमचा राग समजतो. खालच्या संघाकडून वरच्या संघाइतकीच फी घ्यायची आणि त्या पैशावर वरचा संघ मिरवायचा, ही तक्रार माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक सॉकरवाल्या घरात असते. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य क्लबचं नाही. 'यांचं ४०१(के) थांबवून' हे आहे. तिकडे येतोच, आधी विचारलंय त्याचं उत्तर.

५२९ ला हात लावू नका. क्लबची फी शिक्षणाच्या खर्चात बसत नाही. ५ हजार काढलेत तर त्यातले साधारण १,७०० वाढीचे धरले जातील. त्यावर तुमच्या २२ टक्क्यांनी कर आणि वर १० टक्के दंड, म्हणजे दरवर्षी साडेपाचशे डॉलर नुसते हवेत गेले. राज्याचा कर वेगळाच. त्याहून वाईट पुढे आहे. ४१ हजार सहा टक्क्यांनी पाच वर्षं तसेच वाढू दिले तर ५५ हजारांच्या घरात जातात. दरवर्षी ५ हजार काढत राहिलात तर कॉलेज सुरू होताना हाती २६ हजार उरतील.

आता स्कॉलरशिप. कोच 'नक्की' म्हणाले असतील तर तेवढं लिहून द्या म्हणावं, देणार नाहीत. देशभरात हायस्कूल सॉकर खेळणाऱ्या मुली पावणेचार लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे एका इयत्तेत नव्वदेक हजार. डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या पातळीचे, मुलींचे संघ साडेतीनशेच्या घरात. संघाला वर्षाला सातआठ नव्या मुली धरल्या तर जागा अडीच हजार, त्यातही काही परदेशी आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या मुली घेऊन जातात. शंभरात अडीच-तीन, तेही जागा मिळण्याचं. पैसे मिळण्याचं गणित पुढचं आहे. परवापर्यंत एका संघाला १४ पूर्ण स्कॉलरशिपची मर्यादा होती आणि त्या पंचवीस-तीस मुलींत वाटल्या जायच्या. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती मर्यादा गेली, पण सगळ्यांची नाही. जी विद्यापीठं तडजोडीत सामील झाली त्यांना आता २८ मुलींचा संघ ठेवता येतो आणि सगळ्यांना पैसेही देता येतात. देता येतात, द्यायलाच हवेत असं नाही. आयव्ही लीग आणि डिव्हिजन थ्री खेळासाठी एक डॉलर देत नाहीत. आणि डिव्हिजन वनचे कोच तुमच्या मुलीशी थेट बोलू शकतील ते दहावी संपल्यावर, १५ जून २०२९ पासून. सातवीतल्या मुलीच्या आईला आज 'नक्की' सांगणारा माणूस जागा विकतोय.

पाच वर्षांत जुन्या क्लबला ५० हजार लागतील, नव्याला ७५. हा खर्च आहे. मुलगी आनंदाने खेळत असेल आणि परवडत असेल तर खुशाल करा, मीही करीन. परताव्याच्या आशेने करू नका.

लीगचं नावही फार मनावर घेऊ नका. ईसीएनएल २००९ ची. २०१७ मध्ये यूएस सॉकरने मुलींची डेव्हलपमेंट अकॅडमी काढली, तेव्हा 'हीच खरी' म्हणून पालकांनी क्लब बदलले, तासतासभर गाड्या हाकल्या. २०२० च्या वसंतात ती बंद झाली आणि त्याच वर्षी गर्ल्स अकॅडमी उभी राहिली. तुम्ही ज्या बिल्ल्यासाठी पाच हजार जास्त मोजणार आहात, तो मुलगी बारावीला जाईपर्यंत त्याच क्लबच्या छातीवर असेल याची हमी कोणी देत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या क्लबने सांगितलेली दिसत नाही. पत्रात मुलीचा जन्म ऑक्टोबर २०१२ चा लिहिलाय. आत्तापर्यंत वयोगट जानेवारी ते डिसेंबर असे पडत, म्हणून ती बहुतेक आठवीतल्या मुलींबरोबर खेळत होती. २०२६-२७ च्या हंगामापासून गट १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे होत आहेत. म्हणजे ती पुन्हा यू-१४ (१४ वर्षांखालील) मध्येच राहील, स्वतःच्या इयत्तेतल्या मुलींबरोबर, आणि त्या गटात वयाने मोठ्यांपैकी असेल. सगळे संघ नव्याने मांडले जाणार. जिला वर्षभर बेंचवर बसवलं तीच आपल्याच क्लबात वर जाऊ शकते. ७५० भरण्याआधी जुन्या क्लबच्या डायरेक्टरला ईमेल करून विचारा: नव्या गटात ती कुठल्या संघात? तोंडी उत्तर नको. नव्या क्लबचा करार मागवून वाचा. मध्येच सोडलं तर वर्षाची उरलेली फी द्यावी लागते का, गुडघा दुखावला तर काही परत मिळतं का, स्पर्धेला त्यांनीच ठरवलेल्या हॉटेलात राहायची सक्ती आहे का. तुमचे १५ हजार त्या शेवटच्या कलमामुळे आणखी वाढू शकतात.

आता मूळ दुखणं.

यांची कंपनी पगाराच्या पाच टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर मॅच देते, म्हणजे यांनी ४०१(के) मध्ये टाकले तेवढेच स्वतः घालते, असं स्टेटमेंटसोबतच्या पगारपत्रकावर दिसतं. १ लाख २० हजारांवर ते वर्षाला ६ हजार. दोन वर्षांत १२ हजार कंपनी द्यायला तयार होती आणि तुम्ही 'नको' म्हणालात. तेवढेच १२ हजार सात टक्क्यांनी वीस वर्षं राहिले असते तर निवृत्तीला ४५ हजारांच्या पुढे गेले असते. त्याऐवजी काय घेतलंत?

स्टेटमेंटचं दुसरं पान काढा. 'अॅक्युम्युलेशन व्हॅल्यू' (खात्यात जमलेली रक्कम) समोर १४,६०० आहेत. विकणाऱ्या गृहस्थांनी तुम्हाला बोट ठेवून दाखवली ती हीच ओळ असणार. तिच्या खाली, बारीक अक्षरात, 'सरेंडर व्हॅल्यू' ३,९००. तुम्ही आजवर भरलेत २१,६००. पॉलिसी आज मोडली तर हातात ३,९०० येतील. बाकीचे विम्याच्या खर्चात, कंपनीच्या आकारात आणि सरेंडर चार्जमध्ये, म्हणजे पॉलिसी लवकर मोडल्याच्या आकारात, गेले. पहिल्या वर्षाच्या प्रीमियमचा मोठा वाटा एजंटच्या कमिशनचा असतो आणि तो वसूल होईपर्यंत हा चार्ज दहा-पंधरा वर्षं चिकटून राहतो. मुलगी कॉलेजला जाणार पाच वर्षांनी. कॉलेजसाठी म्हणून विकलेली वस्तू कॉलेजच्या वेळीही मोडायला महागच, हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही.

शनिवारी सकाळी साइडलाइनवर खुर्च्या टाकून बसलेले, चांगला पगार असलेले, मुलांच्या कॉलेजची धास्ती घेतलेले आईवडील, यापेक्षा आयतं गिऱ्हाईक एजंटला कुठे मिळणार? तिथे काय काय सांगितलं गेलं असेल तेही मला पाठ आहे. 'फाफ्साला (कॉलेजच्या आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज) पॉलिसीतला पैसा दिसत नाही.' खरं आहे, पण ४०१(के) मधलाही दिसत नाही, आणि तिथे मॅच मिळते. 'बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही.' व्याज शून्याखाली जात नाही, खर्च मात्र त्या वर्षीही कापला जातो. 'बाजाराचा फायदा मिळतो.' तुमच्या पॉलिसीला ९ टक्क्यांची कॅप, म्हणजे व्याजाची वरची मर्यादा, आहे आणि इंडेक्सचे लाभांश मिळत नाहीत. 'करमुक्त पैसे काढता येतात.' ते बहुतेक वेळा पैसे काढणं नसतं, स्वतःच्या पॉलिसीवर व्याजाने काढलेलं कर्ज असतं. पुढे पॉलिसी बंद पडली तर कर दारात उभा राहतो.

म्हणून क्रम असा ठेवा. यांचं वय ४४, धूम्रपान नाही, तब्येत ठीक. ५ लाखांची वीस वर्षांची टर्म पॉलिसी (नुसता विमा, बचत नाही) महिना साठ-सत्तर डॉलरमध्ये मिळायला हवी. अर्ज आजच करा, पण ती मंजूर होऊन हातात येईपर्यंत आययूएल मोडू नका, कारण कुटुंबाला आज तो एकच विमा आहे. दरम्यान विमा कंपनीला थेट फोन करून, एजंटला मध्ये न घेता, ताजं इलस्ट्रेशन (पॉलिसी पुढे कशी चालेल याचा अंदाजतक्ता) मागवा: पुढे एकही हप्ता भरला नाही तर काय होतं, आणि व्याजाचा दर साडेसहा टक्क्यांऐवजी साडेचार धरला तर काय होतं. ते हाती आलं की बहुधा तुम्हीच मोडायचा निर्णय घ्याल. १७,७०० बुडाले याचं वाईट वाटेल, पण ते आधीच बुडालेले आहेत. आणखी हप्ते भरून ते परत येत नाहीत.

४०१(के) मात्र कशासाठीही थांबवून ठेवू नका. पुढच्या पगारापासून पाच टक्के सुरू करा. ६ हजार जातील, पण कर वाचत असल्यामुळे हातातला पगार ४,७०० नेच कमी होईल. टर्मचे वर्षाला ८५० धरा. पॉलिसीचे १०,८०० सुटले की त्यातून हे दोन्ही भागून साधारण सव्वापाच हजार उरतात. म्हणजे नव्या क्लबचा वरचा खर्च. ५२९ ला न शिवता.

माझ्या हातात असतं तर ते सव्वापाच हजार मी ५२९ मध्येच टाकले असते आणि मुलीला नव्या वयोगटात एक हंगाम जुन्याच क्लबात काढू दिला असता. पण पोरीला तिथे जायचीच इच्छा उरली नसेल, रविवारी बॅग भरताना ती गप्प होत असेल, तर खर्च करा. तेवढं परवडतं. संघातल्या त्या वडिलांना काय सांगायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत तरी मनात असेल. काही सांगायची गरज नाही. पॉलिसी मोडल्याचं त्यांना कंपनीकडून कळेल, आणि कमिशन कंपनीला परत करायची मुदत उलटून गेली असेल तर ते फोनही करणार नाहीत.

पुढच्या हप्त्याची तारीख स्टेटमेंटवर दिसत नाही. टर्म मंजूर होण्याआधी ती येत असेल तर कंपनीला विचारा: एवढा एक हप्ता न भरता विमा चालू राहतो का? खात्यातल्या रकमेतून महिन्याचा खर्च कापला जातो, त्यामुळे बहुधा राहील. नसेल राहत, तर तो एक ९०० चा भरा आणि तिथे थांबा.