टाउबरकाठची सायकल आणि गुडघ्यामागची गोचीड

मी पेशाने डॉक्टर आहे, प्रवासी कंपनी नाही. पण जर्मनीतल्या टाउबर नदीकाठचा सायकलमार्ग मी दोनदा केला आणि कुठेतरी त्याबद्दल बोलले. तेव्हापासून रक्तदाबापेक्षा सायकलच्या सीटवरची पत्रं जास्त येतात. बहुतेक पत्रांत तेच प्रश्न असतात आणि बहुतेकांचं विमान पंधरा दिवसांवर आलेलं असतं. म्हणून एकदाच सगळ्यांना मिळून उत्तरं देते.

मी 61 वर्षांचा, पत्नी 57. रोज सकाळी तासभर सायकल चालवतो. टाउबरकाठचे शंभर किलोमीटर झेपतील का? किती दिवस ठेवावेत? (पुणे)

झेपतील, दिशा बरोबर धरलीत तर. रोटेनबुर्गहून निघा आणि नदीबरोबर वेर्टहाइमला उतरा. उलटं केलंत तर शेवटच्या दिवशी, पाय दमलेले असताना, रोटेनबुर्गचा चढ समोर येईल. ते गाव नदीच्या बरंच वर, टेकडीवर तटबंदीत बसलंय. अर्थात वरून निघतानाही पहिल्याच टप्प्यात खालच्या डेटवांग गावाकडे तीव्र उतार आहे. मागे दोन पिशव्या लटकवलेली सायकल आपल्या रोजच्या सायकलसारखी थांबत नाही. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत उतरा. लाज वाटत नसेल तर हातात धरून चालत उतरा. मी चालत उतरले होते.

पाच दिवस ठेवा. "दोन दिवसांत संपूर्ण टाउबर" अशी जाहिरात मला एकीने पाठवली आहे. अंतर दोन दिवसांत संपतं हे खरं, पण मग बघणार काय? क्रेगलिंगेनच्या बाहेर एक छोटं चर्च आहे, हेरगॉट्सकिर्शे. तिथे शिल्पकार टिलमन रीमेनश्नायडरने पाचशे वर्षांपूर्वी लिंडेनच्या लाकडात कोरलेली मेरीची वेदी आहे. तिला रंग दिलेला नाही, नुसतं लाकूड. मी अर्धा तास तिच्या हातांच्या शिरा बघत उभी होते (डॉक्टरची खोड). पुढे वायकर्सहाइमच्या राजवाड्याच्या बागेत दगडी बुटक्यांची रांग आहे. बाद मेर्गेंटहाइमला 1826 साली एका मेंढपाळाला खारट पाण्याचा झरा सापडला आणि त्यावर अख्खं आरोग्यस्नानाचं गाव उभं राहिलं. ब्रोनबाखचा मठ शेवटच्या टप्प्यात येतो आणि घाई असलेली माणसं नेमकी त्याच्या भिंतीला घासून निघून जातात.

तयारीचं म्हणाल तर एका दिवशी चाळीस किलोमीटर जमतात म्हणून खूश होऊ नका. लागोपाठ तीन दिवस पंचवीस-पंचवीस करून बघा. दुसऱ्या दिवशी त्याच सीटवर बसवतं का, खरी परीक्षा ती. आणि साठी उलटली असेल तर निघण्याआधी एकदा आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

तिकडे हेल्मेट सक्तीचं आहे का? (ठाणे)

कायद्याने नाही. तरी घाला.

रस्त्याचे नियम आपल्यासारखेच ना? (कोल्हापूर)

नाही. उजवीकडून चालवायची. खेड्यात चौकाला पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो ट्रॅक्टर असो की शाळकरी पोरगी. मोबाइल हातात धरून चालवलात तर 55 युरो दंड. बाकीचं सायकल भाड्याने देणाऱ्याला तिथेच विचारा, ते बरंच नीट सांगतात.

यजमानांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. एजंट म्हणतो, ई-बाइक घ्या, काही कष्टच नाहीत. खरं आहे का? (नाशिक)

एजंट सायकल विकतो, हृदय नाही. तिथली साधी ई-बाइक पेडल मारलं तरच मदत करते, तीही ताशी 25 किलोमीटरपर्यंत. म्हणजे कष्ट आहेत, चढावर ते कमी होतात इतकंच. शिवाय ती वीस-पंचवीस किलोची असते. गाडीच्या डब्यात चढवताना किंवा लॉजच्या पायऱ्यांवर उचलताना मोटर मदतीला येत नाही. मला काळजी त्या उचलण्याची आहे, चालवण्याची कमी. बॅटरी वेगळी काढून आधी ती वर न्या, मग सायकल. आणि ती यजमानांनी उचलू नये.

हृदयाचा वेग कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. त्या गोळ्यांमुळे आकडा वाढतच नाही आणि माणूस दमून जातो. चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, ही खूण धरा. निघण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन ताणचाचणी (स्ट्रेस टेस्ट) करायची का ते विचारा. "आता बरे आहेत की" हे त्यांनी म्हणायचं असतं, आपण नाही.

जेलची सीट, जेलचे हातमोजे आणि पॅडची चड्डी असा बारा हजारांचा संच घ्यावा का? (डोंबिवली)

पॅडची चड्डी घ्या, आणि तिच्या आत दुसरी घालू नका. बाकी पैसे राहू द्या. जेलची मऊ सीट पहिला तास सुखाची वाटते, तिसऱ्या तासाला हाडं त्यात रुततात. करंगळीला मुंग्या येत असतील तर हँडलवर भार जास्त पडतोय. सीटची उंची आणि हँडलचं अंतर दुकानात बसवून घ्या. मुंग्या घरी परतल्यावरही राहिल्या तर दाखवा.

तिकडच्या गवतात गोचिडी असतात असं ऐकलं. आपल्याकडच्या कुत्र्याच्या गोचिडीसारख्याच ना? खोबरेल लावलं की सुटते, असं मैत्रीण म्हणते. (सांगली)

या प्रश्नासाठीच मी हे लिहायला बसले.

मैत्रिणीचं ऐकू नका. खोबरेल नको, व्हॅसलिन नको, नेलपॉलिश नको आणि काडी पेटवून चटका तर अजिबात नको. गुदमरलेली किंवा भाजलेली गोचीड पोटातलं आपल्या जखमेत ओकू शकते, म्हणजे जे टाळायचं तेच आपण ओढवून घेतो. तिला कातडीलगत, अगदी तोंडाशी, बारीक चिमट्याने धरायचं आणि सरळ वर, सावकाश ओढायचं. पोट दाबायचं नाही. नंतर जखम जंतुनाशकाने पुसायची. जर्मनीतल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात यासाठी एटीएम कार्डाएवढं, खाच असलेलं कार्ड मिळतं. पहिल्याच दिवशी घेऊन खिशात टाका.

ती आपल्या कुत्र्याच्या गोचिडीएवढी नसते. वायकर्सहाइमला रात्री अंघोळीनंतर माझ्या गुडघ्याच्या मागे खसखशीचा दाणा चिकटलाय असं वाटलं. दुपारच्या पावातला असेल म्हणून नखाने उडवायला गेले तर उडेना. चष्मा लावून पाहिलं तर त्याला पाय होते. दुपारी मी नदीकाठच्या गवतात पाय पसरून चीज-पाव खाल्ला होता, त्याची ही किंमत.

आता मुद्द्याचं. या गोचिडी दोन वेगळे आजार देतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक बोरेलिओसिस, जिवाणूचा. त्याला प्रतिजैविकं आहेत, लस नाही. चावल्यापासून काही दिवस ते महिनाभरात जागेभोवती लाली पसरत जाते, कधी मधे फिकट होऊन कडं दिसतं. ही लागण व्हायला बहुधा गोचीड बरेच तास चिकटून राहावी लागते. म्हणून रोज रात्री अंग तपासलंत तर निम्मी लढाई जिंकलीत. तपासायच्या जागा: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, बेंबीत, कानामागे, केसांच्या कडेला. एकटे असाल तर आरसा वापरा, नवरा-बायको असाल तर एकमेकांची पाठ बघा. चाळीस वर्षांच्या संसारानंतर संकोच कसला!

दुसरा आजार मेंदूज्वराचा, विषाणूचा. तिकडे त्याला एफएसएमई म्हणतात. हा विषाणू गोचिडीच्या लाळेतच असतो, त्यामुळे चावताक्षणी शिरू शकतो आणि लवकर काढण्याने तो टळेलच असं नाही. त्यावर नेमकं औषध नाही, पण लस आहे. रॉबर्ट कोख ही जर्मनीची सरकारी आरोग्यसंस्था दरवर्षी धोक्याच्या जिल्ह्यांची यादी काढते. टाउबर ज्या दोन राज्यांतून वाहते ती बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग जवळजवळ पूर्ण त्या यादीत आहेत. सायकलमार्गावर, डांबरी रस्त्यावर राहिलात तर धोका थोडा. गवतात बसलात, झुडपाआड गेलात की वाढतो.

सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या वाचकांना हे नवं वाटू नये. दोडामार्ग-बांद्याकडचा माकडताप गोचिडीनेच येतो आणि त्याचा विषाणू या युरोपी विषाणूचा जवळचा भाऊबंद आहे. काजूच्या बागेत जाताना पूर्ण पाय झाकणारी माणसं जर्मनीत मात्र चड्डीवर गवतात लोळतात, कारण "तिकडे सगळं स्वच्छ असतं".

लस घ्यायची की नाही हे तुम्ही किती दिवस, कुठल्या महिन्यात आणि कशा प्रकारे राहणार यावर ठरतं. नेहमीच्या वेळापत्रकात पहिल्या दोन मात्रांत एक ते तीन महिन्यांचं अंतर असतं आणि तिसरी त्यानंतर काही महिन्यांनी. घाईचं वेळापत्रक आहे, पण त्यालाही आठवडे लागतात. आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात ही लस सहसा नसते. म्हणून प्रवासवैद्यकाच्या जाणकाराकडे निदान तीन महिने आधी जा. "परवा निघतोय, काय करू?" असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते: लांब पायमोजे, फिकट रंगाची पँट त्यांत खोचून, कीटकरोधक मलम, आणि गवतात बसणं बंद.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. या मेंदूज्वरात आधी फ्लूसारखा ताप येतो, मग काही दिवस माणूस अगदी बरा असतो, आणि मग डोकेदुखी, मान आखडणं, पुन्हा ताप. हे सगळं होईस्तोवर तुम्ही सांगलीत परतलेले असता. बाहेर पाऊस असतो, डॉक्टर डेंग्यू-मलेरिया तपासतात, त्यात त्यांची चूक नाही. त्यांना टाउबर कुठून माहीत? तुम्ही सांगायला हवं. चावल्याची तारीख मोबाइलमध्ये लिहा, जागेचा फोटो काढा आणि महिनाभरात ताप किंवा लाली आली तर पहिल्याच वाक्यात "जर्मनीत गोचीड चावली होती" असं सांगा. बघू दोन दिवस, असं करू नका.

सायकलच आहे, मग दोन ग्लास वाइन घेतली तर पोलीस काय करणार? (मुंबई)

रक्तात 1.6 प्रति हजार मद्य सापडलं तर तो सायकलस्वारासाठीही गुन्हा आहे. तोल गेला किंवा अपघात झाला तर 0.3 वरसुद्धा अडचण येते. फ्रँकन या तिथल्या भागाची वाइन चपट्या, गोलसर बाटलीत मिळते. ती संध्याकाळी, सायकल लॉजला लावून झाल्यावर घ्या. दुपारी तहान लागली तर 'राडलर' नावाची बिअर-लिंबूपाण्याची भेसळ असते. नावाचा अर्थच सायकलस्वार, पण तीही बिअरच. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

मला मधुमेह आहे, इन्शुलिन घेते. वाटेत खायला मिळतं ना? (छत्रपती संभाजीनगर)

रोज मिळेल असं धरू नका. रविवारी दुकानं बंद असतात, बेकरी उघडली तर सकाळचे काही तास. खेड्यातल्या खाणावळींचा आठवड्यातला एक सुट्टीचा वार असतो आणि तो नेमका तुम्ही पोहोचता त्या दिवशी निघतो. चिक्की आणि ग्लुकोज हँडलच्या पिशवीत ठेवा, मागच्या पिशवीच्या तळाशी नको. इन्शुलिन उन्हात तापू देऊ नका. सायकल चालवताना साखर लवकर उतरते, म्हणून मात्रा किती कमी करायची हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. मी इथून आकडा सांगणार नाही.

विम्याच्या अर्जात रक्तदाब लिहू नका, हप्ता वाढतो, असा सल्ला मिळाला. (सातारा)

ज्याने दिला त्याला विचारा, रुग्णालयाचं बिल तो भरणार का? शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो नुसता कागद नाही. आजार लपवलात तर दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी हेच केलं आणि परदेशातल्या तीन रात्रींचे पैसे त्या अजून फेडतायत. सगळं लिहा. आधीपासूनच्या आजाराला संरक्षण आहे का ते पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाचा आणि कळलं नाही तर लेखी विचारा.

गुडघा दोन महिने दुखतोय. बारा दिवसांनी निघायचंय. कुठलं तेल चोळू? (चिंचवड)

दोन महिने कशाची वाट पाहत होतात? उद्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

गावातल्या कारंज्याचं पाणी पिता येतं का? (रत्नागिरी)

'काइन ट्रिंकवासर' (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तर नाही. पाटीच नसेल तर समोरच्या घराची घंटा वाजवा आणि बाटली पुढे करा. मला तरी कुणी परत पाठवलं नाही. एका आजीबाईंनी तर पाण्याबरोबर प्लमच्या केकचा तुकडाही दिला होता.