चव बिघडली कुठे: ब्रुअरीत, नळात की ग्लासात?

लहान ब्रुअऱ्यांची बिअर आवडीने चाखणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. आवडली किंवा नाही आवडली, एवढ्यावर न थांबता चव तशी का लागली हे त्यांना समजून घ्यायचं आहे. म्हणून उत्तरं जरा खोलात जाऊन दिली आहेत.

प्रश्न : आमच्या इथल्या एका ब्रुअरीत सहा लहान ग्लासांचा ट्रे मिळतो. चौथ्या ग्लासपासून मला सगळ्या बिअर सारख्याच लागतात. माझी जीभ कमी पडते का?

उत्तर : जीभ ठीक आहे, क्रम चुकतो आहे. हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा) कडूपणा आणि भाजलेल्या मॉल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) चव तोंडात रेंगाळते. आयपीए (हॉप्स जास्त असलेली कडू बिअर) आधी प्यायलात तर पुढची गव्हाची बिअर पाणचटच लागणार. सुरुवात गव्हाची बिअर किंवा पिल्सनरने (फिकट, हलक्या बिअरने) करा. मग पेल एल, अंबर, स्टाउट (काळी बिअर) आणि त्यानंतर आयपीए. आंबट आणि 8 टक्क्यांहून जास्त अल्कोहोलची बिअर अगदी शेवटी ठेवा. सहाऐवजी चारच घ्या आणि त्याही प्रत्येकी 100 मिली. दोन ग्लासांच्या मध्ये साधं पाणी प्या.

तोंड लावण्याआधी सगळ्या ग्लासांचा वास घेऊन ठेवा. ग्लास एक तृतीयांश भरलेला हवा. वर तळवा ठेवून तो हलकेच फिरवा, तळवा काढा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. लांब श्वास घेत राहिलात तर नाक त्या वासाला सरावतं आणि मग काहीच कळत नाही. ग्लास फ्रीझरमधला असेल तर साधा मागून घ्या. बर्फाळ काचेवर फेस भसाभस येतो आणि थंडीमुळे वास दबून जातो. पिल्सनर 4 ते 6, पेल एल आणि आयपीए 7 ते 10, स्टाउट 10 ते 12 अंश सेल्सिअसला खुलते. ट्रे आल्यावर स्टाउट बाजूला ठेवून दिली, तर तिची पाळी येईपर्यंत ती आपोआप त्या तापमानाला येते.

हिशेब मात्र लक्षात ठेवा. साडेपाच टक्क्यांचे 100 मिलीचे चार ग्लास म्हणजे पोटात सुमारे 17 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. त्या दिवशी गाडी दुसऱ्या कुणी चालवावी.

प्रश्न : एका ठिकाणच्या लागरला (थंड आंबवलेल्या बिअरला) कधी लोण्यासारखा वास येतो, कधी येत नाही. बिअर तीच, टॅपही तोच. दोष कुणाचा?

उत्तर : प्रश्न मोलाचा आहे, कारण इथे ब्रुअरवर नाहक ठपका बसू शकतो. हा वास डायअ‍ॅसिटिल नावाच्या पदार्थाचा. तो दोन वाटांनी येतो.

पहिली वाट ब्रुअरीतली. आंबवताना यीस्ट अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ बाहेर टाकतं. हळूहळू त्याचं डायअ‍ॅसिटिल होतं आणि मग यीस्टच ते शोषून संपवतं. लागर साधारण 10 ते 12 अंशांवर आंबवतात. किण्वन (आंबणं) संपत आलं की टाकीचं तापमान दोनेक दिवस 16 ते 18 अंशांवर नेतात, म्हणजे यीस्ट हे उरलेलं काम पुरं करतं. टाकी लवकर मोकळी करायच्या घाईत बिअर आधीच थंड केली, तर यीस्ट तळाला बसतं आणि काम अर्धवट राहतं. अशी बिअर टाकीतून काढताना निर्दोष वाटू शकते. वास पुढे केगमध्ये (बिअरच्या पिंपात) उमटतो.

दुसरी वाट नळीतली. केगपासून टॅपपर्यंतची लाइन वेळेवर धुतली नाही तर तिच्यात पेडिओकोकस, लॅक्टोबॅसिलस असे जिवाणू थर धरतात. यांतले काही डायअ‍ॅसिटिल तयार करतात आणि सोबत आंबटपणाही आणतात.

तुमच्याकडे वास कधी येतो, कधी नाही. म्हणून आधी लाइन तपासावी. दुकान उघडल्यावरचा पहिला ग्लास आणि तासाभरानंतरचा ग्लास ताडून पाहा. पहिल्यात लोणी आणि किंचित आंबटपणा, नंतरच्यात काही नाही, असं झालं तर रात्रभर लाइनमध्ये उभी राहिलेली बिअर बिघडली होती. एका केगमधल्या प्रत्येक ग्लासाला लोण्याचा सारखाच वास आणि आंबटपणा अजिबात नाही, केग बदलल्यावर वास गायब, असं असेल तर बोट त्या बॅचकडे जातं. लाइन शेवटची कधी धुतली, हे विचारायला संकोच करू नका. दर 14 दिवसांनी कॉस्टिकच्या द्रावणाने धुणं आणि दर तीन महिन्यांनी आम्लाने आतला खनिजांचा थर काढणं ही चांगली रीत आहे. टॅपचं तोंड प्रत्येक वेळी सुटं करून घासावं लागतं. नळी धुतली पण टॅप तसाच राहिला, हे फार ठिकाणी घडतं.

ब्रुअर स्वतः एक चाचणी करतात, ती घरीही जमते. बिअर दोन भांड्यांत ओतून ओतून तिच्यातला वायू काढून टाका. झाकणाच्या दोन काचेच्या बरण्यांत ती अर्धी-अर्धी भरा. एक बरणी साधारण 65 अंशांच्या पाण्यात 20 मिनिटं ठेवा, दुसरी तशीच राहू द्या. गरम केलेली बरणी खोलीच्या तापमानाला आली की दोन्हींची झाकणं उघडून लगेच वास घ्या. गरम केलेल्या बरणीतच लोणी जाणवलं, तर कच्चा पदार्थ (अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट) बिअरमध्ये शिल्लक आहे आणि वास पुढे येणार आहे. दोन्हींत जाणवलं, तर डायअ‍ॅसिटिल आधीच तयार झालेलं आहे. वायू न काढता बरणी बंद करून तापवू नका, काच फुटेल.

आणखी एक गोष्ट. डायअ‍ॅसिटिल ओळखायची क्षमता माणसागणिक वेगळी असते, त्यामुळे निर्णय एकट्याच्या नाकावर सोडू नका. शिवाय चेक पद्धतीच्या लागरमध्ये त्याची हलकी छटा चालते, तिथे तो दोष धरत नाहीत.

प्रश्न : गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंग घालतात का? आणि ती गढूळ का असते?

उत्तर : जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये दोन्हींपैकी काहीच घालत नाहीत. तिचं खास यीस्ट आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेट तयार करतं, तो केळ्याचा वास. लवंगेचा वास 4-व्हिनाइल ग्वायकॉलचा. किण्वन उबदार झालं की बहुधा केळं वर चढतं, थंड ठेवलं की लवंग पुढे येते. त्यामुळे एकाच ब्रुअरीच्या दोन बॅच वेगळ्या लागल्या तर किण्वनाचं तापमान विचारा. गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांचा आणि न गाळलेल्या यीस्टचा असतो. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात.

प्रश्न : काळी बिअर जास्त चढते का?

उत्तर : नाही. काळा रंग थोड्याशा खूप भाजलेल्या मॉल्टने किंवा बार्लीने येतो. गिनेस ड्राफ्ट काळी असून 4.2 टक्क्यांची आहे, तर सोनेरी डुव्हेल 8.5 टक्क्यांची. रंग सोडा, एबीव्ही (अल्कोहोलची टक्केवारी) वाचा. फलकावर फक्त किण्वनाच्या सुरुवातीची आणि शेवटची घनता लिहिली असेल तर त्यांच्यातल्या फरकाला 131.25 ने गुणा. 1.050 आणि 1.010 असेल तर अल्कोहोल साधारण सव्वापाच टक्के. आयबीयूच्या (कडूपणाच्या मापाच्या) आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका. 40 आयबीयूची गोडसर स्टाउट 40 आयबीयूच्या कोरड्या पिल्सनरपेक्षा कमी कडू लागते.

प्रश्न : माझ्या ग्लासातला फेस मिनिटभरात बसतो. बिअर शिळी असते का?

उत्तर : आधी ग्लास पाहा. आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथे तेलकटपणा किंवा साबणाचा थर आहे, आणि दोन्ही फेसाचे वैरी. घरच्या ग्लासासाठी सोपी परीक्षा : ग्लास आतून ओला करा, पाणी झटका आणि बारीक मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथे चिकटत नाही तिथे तेलकटपणा आहे. बिअरचे ग्लास वेगळ्या स्पंजने धुवा, भरपूर पाण्याने खळबळा आणि पुसू नका, उपडे ठेवून निथळू द्या.

प्रश्न : ब्रुअरीतून बाटली भरून घरी आणतो. दुसऱ्या आठवड्यात ती ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. आणि एकदा तर उग्र, स्कंकी (स्कंक या प्राण्यासारखा) वास आला.

उत्तर : दोन्ही वेगळे दोष आहेत. पुठ्ठा म्हणजे ऑक्सिजन. टॅपखाली बाटली धरून भरताना हवा आत मिसळतेच. अशी बिअर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा आणि एकदा उघडली की त्याच दिवशी. उष्णतेने हा दोष फार वेगाने वाढतो. गरम गाडीत बाटली ठेवू नका, दाब वाढून ती फुटूही शकते.

उग्र वास उजेडाचा. हॉप्समधल्या पदार्थांवर प्रकाश पडला की गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि उन्हात त्याला काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बरीच आड येते, हिरवी आणि पारदर्शक काच जवळजवळ नाही. खात्री करायची तर एकाच बिअरचे दोन ग्लास भरा, एक अर्धा तास उन्हात आणि दुसरा तेवढाच वेळ अंधारात ठेवा. मग दोन्ही फ्रिजमध्ये सारखे थंड करून वास घ्या. एकदा हा वास ओळखला की कायमचा लक्षात राहतो.

प्रश्न : दोन ब्रुअऱ्यांच्या पेल एलमधला फरक मला खरंच कळतो की मी नाव वाचून ठरवतो, हे कसं तपासायचं?

उत्तर : तीन ग्लासांची चाचणी घ्या. एका बिअरचे दोन, दुसरीचा एक, प्रत्येकी 50 मिली. दुसऱ्या कुणाला ओतायला सांगा, तुम्ही ग्लासांखालच्या खुणा पाहू नका. वेगळा ग्लास ओळखा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एका फेरीवरून काही ठरत नाही. सहा फेऱ्यांत पाच वेळा बरोबर आलात तर फरक खरा मानायला हरकत नाही. सहा फेऱ्या एका बैठकीत करू नका, दोन-तीन दिवसांत वाटून घ्या. रंगात फरक असेल तर अपारदर्शक कप वापरा, नाहीतर डोळेच उत्तर देतील. तिन्ही कप एकाच तापमानाचे हवेत. एक बिअर आधी ओतून ठेवली आणि दुसरी नंतर, तर तुम्ही चव ओळखत नाही, गारवा ओळखता.